आवारातली बोली

४ नोव्हेंबर

आजपासून लेकाच्या, शशीच्या फौंड्रीत बसायला लागलो. जोतिबाच्या घाटात गाडीवरून घसरला आणि पाय मोडून घेतला बेट्यानं. प्लास्टर निघेपर्यंत खुर्चीवर घरचं कुणीतरी दिसायला हवं. सकाळी निघताना पलंगावरून मला म्हणतो, "अप्पा, तुम्ही नुसतं बसा. काम कृष्णात बघतो. काही करायला जाऊ नका." ज्यानं जन्मभर मार्केट यार्डात गुळाची अडत केली त्याला हे सांगणं! नुसतं बसून कुणाचा धंदा चालला आहे?

लोखंड वितळवतात, साच्यात ओततात, त्यातून पंपांचे भाग निघतात. मला यातलं एवढंच कळतं. माणसं मात्र कळतात. काही ओरिसाची, काही झारखंडची, बसप्पा आणि त्याचे सोबती विजापूरकडचे, फोरमन कृष्णात कोडोलीचा. आवाराच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत, बरेचजण तिथेच राहतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी टोचली. ही माणसं आपसांत जे बोलतात ते हिंदी नाही, मराठी नाही, कन्नडही नाही. आमच्या घरात कन्नड, बाजारात मराठी, दोन्ही मला तोंडपाठ. तरी अर्धं डोक्यावरून गेलं. आणि मी जवळ गेलो की सगळे चिडीचूप.

६ नोव्हेंबर

झोप नीट लागली नाही. पुण्याच्या कंपनीची मोठी ऑर्डर डिसेंबरअखेर द्यायची आहे. शशीनं सगळं तिच्यावर लावलंय. दिवाळीनंतर मागच्या गल्लीतल्या एका फौंड्रीतली माणसं एके सकाळी उठून दुसऱ्याकडे गेली. भट्टी थंड पडली ती पडलीच. इथं तसं झालं तर शशी संपला. आणि मी खुर्चीवर असताना झालं तर घरात कुठलं तोंड घेऊन जाऊ?

न कळणारी बोली कशासाठी असते हे मला कुणी शिकवू नये. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, हा तर सगळ्या यार्डाचा रिवाज. त्यावर आमच्या दुकानाची आणखी खास बोली होती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना वडील मला म्हणायचे, "देवळात दिवा लावून ये." म्हणजे आता भाव सोडू नकोस. गिऱ्हाईक मान डोलवायचं, काय धार्मिक घर आहे म्हणून! तेव्हा समोरच्याला कळू नये असं बोलणारा माणूस काय करत असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे. मीच तो माणूस होतो.

८ नोव्हेंबर

कृष्णातला केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, "ही माणसं काय बोलतात रे?"

"कामाचंच की मालक. दुसरं काय बोलत्यात?"

"मग मला का कळत नाही?"

तो हसला. "ती तशी कुनाचीच न्हाय. सुरवातीला लई हाल झाल्यात बगा. मी मराठीत वरडायचो 'बाजूला हो', ओरिसावाला तिथंच हुबा. बसप्पा कन्नडात वरडला तर झारखंडवाला हसतोय. हिंदी म्हनाल तर निम्म्यांना येत न्हवती, मला तर कुठं येतीया! हळूहळू ज्येचा शब्द सोपा त्येचा ऱ्हायला. जवळ म्हनायला 'पाखे', त्यो ओरिसाचा. नको म्हनायला 'बेडा', त्यो बसप्पाचा. आनि 'लई' माझा!" हे सांगताना छाती फुगली होती त्याची. "मला बी येतीया की आता. शिकवू का तुमाला?"

नको म्हणालो. म्हणजे फोरमनही त्यांच्यातलाच. आता कुणावर भिस्त ठेवायची?

११ नोव्हेंबर

साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे बायका करतात. तिथे सुकांती नावाची ओरिसाची बाई आहे, बसप्पाची बायको. कन्नड माणूस आणि ओरिसाची बाई! वीटभट्टीवर ओळख झाली, इथं कामाला आल्यावर जमलं म्हणे. त्यांची चार-साडेचार वर्षांची मुलगी, टिकी, दाराजवळ वाळूत खेळत होती.

मी खांबाआड उभा राहून ऐकलं. तीच बोली. पण मोठी माणसं दोन शब्द फेकून मोकळी होतात, ही मात्र नळ सोडल्यासारखी बोलत होती. वाळूची बाहुली केली होती, तिला रागावत होती, समजावत होती, बहुधा गोष्टही सांगत होती. मोठ्यांपेक्षा पोर जास्त सफाईनं बोलते, म्हणजे खोलीवर हिची शिकवणी घेत असणार.

पुढे होऊन विचारलं, "नाव काय गं तुझं?" तिनं मान वर केली, "अज्जा," एवढंच म्हणाली आणि पुढं काही बोलणार तेवढ्यात सुकांती धावत आली आणि तिनं पोरीचं तोंड हातानं दाबलं. माझ्याकडे बघून ओशाळं हसली.

लपवण्यासारखं काही नसेल तर पोटच्या पोरीचं तोंड कुणी दाबतं का?

१३ नोव्हेंबर

आज युक्ती केली. जेवणानंतर भट्टीच्या बाजूला खुर्ची ओढली, सदऱ्याच्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि डोळे मिटून घोरायला लागलो. घोरण्याचं सोंग मला छान जमतं, माझ्या बायकोला, रत्नव्वाला विचारा. थोड्या वेळानं बसप्पा आणि ओरिसाचा एक गडी दबक्या आवाजात बोलले. घरी येऊन पुन्हा पुन्हा ऐकलं, एवढंच नीट ऐकू आलं.

"अज्जा भट्टी पाखे बेडा. गरम लई."

कृष्णातनं सांगितलेले शब्द जोडले. अज्जा म्हणजे आमच्या कन्नडमध्ये आजोबा. आता कारखान्यात आजोबा कुठला आला? उघड आहे, कुणाचं तरी टोपणनाव. माणसं फोडायला बघणारा कुणीतरी म्हातारा मालक असणार. 'अज्जाची भट्टी जवळ आहे, पण नको, तिथं वातावरण गरम आहे.' म्हणजे बोलणी सुरू आहेत, अजून ठरलेलं नाही एवढंच.

शशीला सांगितलं नाही. त्याचा पाय आधीच ठणकतो.

१७ नोव्हेंबर

सोमवार, एमआयडीसीला सुट्टी. धाकट्या भावाची मुलगी विद्याश्री जेवायला आली होती. मला दोड्डप्पा म्हणते, म्हणजे मोठे काका. विद्यापीठात भाषांचा अभ्यास करते, चार वर्षं झाली, अजून तो संपत नाही. मी तिला रेकॉर्डिंग ऐकवलं. शब्दांचा अर्थ मुद्दाम सांगितला नाही. पोरगी ताटावरून उठलीच! "दोड्डप्पा, हे कुठं मिळालं तुम्हाला? ही पिजिन आहे!"

मी म्हणालो, चोरांची बोली आहे.

"छे, चोरांची असती तर दोघांना एक भाषा आधीच येत असती. तुमच्या दुकानातली बोली आठवा. तुम्हाला आणि आजोबांना मराठी येत होतीच, ती तिसऱ्यापासून लपवायला तुम्ही वेगळं बोलत होता. कॉलेजच्या कट्ट्यावरची पोरं बोलतात, तीही मराठीच असते. आम्ही एका गटातले एवढं दाखवायला वरचे शब्द बदलतात."

"आणि आपण बोलतो ते?" रत्नव्वा आतून ओरडली. "मी ह्यांना 'चहा कुडीरी, थंड होतोय' म्हणते, ते काय असतं गं?"

"ते लाड असतात दोड्डव्वा! तुम्हाला दोन्ही भाषा पुऱ्या येतात, म्हणून जिभेवर येईल ते मिसळता. इथं उलटं आहे. एकाला दुसऱ्याचं येत नाही आणि काम तर अडलंय. मग असं तोडकंमोडकं उभं राहतं. शब्द थोडे, कामापुरते. लपवायला नाही दोड्डप्पा, भेटायला. संध्याकाळी खोलीवर गेला की ओरिसाचा माणूस आपल्या भाषेत शिरतो. पिजिनला घर नसतं."

"आणि घर मिळालं तर?" मी चेष्टेनं विचारलं.

"मग ती पिजिन राहत नाही. त्या बोलीत कुणी संसार केला, पोरंबाळं झाली, तर पोरांची ती मायबोलीच की. त्यांना दुसरी नसते. मग ती पोरं तिला पुरी करतात. रागवायला, रडायला, गोष्ट सांगायला जे शब्द कमी पडतील ते घडवतात. अशी पोरांची वस्तीच झाली तर तिला क्रिओल म्हणतात. एका पोरानं होत नाही, पण सुरुवात एखाद्या घरातूनच होते."

मी म्हणालो, आमच्या कारखान्यात पंप होतात, संसार होत नाहीत. ती हसली. म्हणाली, अर्थ त्यांनाच विचारा, इतका जीव का जाळता? पुस्तकं वाचून बाजार कळत नसतो, हे तिला कोण सांगणार? ताकाची वाटी पुढं केली आणि विषय संपवला.

१८ नोव्हेंबर

पाटी लावली. लाल रंगात, फाटकावर एक आणि खोल्यांच्या भिंतीवर एक. 'आवारात फक्त मराठी किंवा हिंदीत बोलावे. दुसरी बोली चालणार नाही. हुकुमावरून.' कृष्णात म्हणाला, "मालक, खोल्यांवर कशाला? तितं बायकापोरं ऱ्हात्यात." मी म्हणालो, खरी बोलणी तिथंच होतात. मग खिळा त्यानंच ठोकला.

२१ नोव्हेंबर

कारखाना शांत झाला. यंत्रांचा आवाज तेवढा. काम जरा मंदावलंय, कृष्णात प्रत्येकापाशी जाऊन हातवारे करतो, पण माझ्या मनाला निवांतपणा आहे. कट करायचा तर बोलावं लागतं.

मागे खोल्यांकडे चक्कर मारली. सुकांती उंबऱ्यात बसली होती, टिकी मांडीवर. मला बघताच तिचा हात पोरीच्या तोंडावर गेला. मी निघून येईपर्यंत तिथेच होता. पाटीचा धाक बसलाय.

२२ नोव्हेंबर

बसप्पा रजा मागायला आला. गावाकडं, इंडीजवळ, आईकडं जाऊन यायचं म्हणाला. बायको-मुलीला घेऊन. मी मनात म्हटलं, आलास ना जाळ्यात! सामान हलवायची पहिली पायरी. मी सांगितलं, "तू जा. बायको इथंच राहील, तिचं काम अडतं." म्हणजे माणूस परत येतोच.

तो "हूं मालक" म्हणून गेला. मी कन्नडमध्ये बोलत असताना तो मला हिंदीत उत्तरं देत होता. पाटी पाळत होता की मला टोमणा मारत होता, देव जाणे.

२५ नोव्हेंबर

बसप्पा परतला. एकटाच. पोरगी आजीपाशी ठेवून आला. मी म्हटलंच होतं! आधी पोर काढायचं, मग भांडी, मग आपण. आता डोळ्यांत तेल घालून बसायला हवं.

२८ नोव्हेंबर

सुकांतीचे डोळे लाल दिसतात. वाळूच्या कामात धूळ असतेच. आज तिनं केलेले बरेच गाभे मोडले, कृष्णातनं मला न सांगता बाजूला टाकले. दाराजवळची वाळूची बाहुली कुणी झाडून टाकलेली नाही. पावसाळा नाही, त्यामुळे तशीच आहे.

३० नोव्हेंबर



दुपारी बसप्पा मोबाइल घेऊन केबिनच्या दाराशी आला आणि पाटीप्रमाणे मराठीत म्हणाला, "मालक, अव्वाचा फोन हाय. तुमच्यासंगंच बोलायचं म्हनते."

मी फोन घेतला. म्हातारी कन्नडमध्ये रडत होती. म्हणाली, "नमस्कार रे बाबा. माझ्या लेकाला चार दिवस रजा द्या. ह्या पोरीला विजापूरला मोठ्या डॉक्टरकडं न्यायची आहे. कुणी मला सांगितलंच नाही, पोरगी मुकी आहे म्हणून. आल्यापासून तोंडातून अक्षर नाही. भूक लागली तरी मागत नाही, पोट धरून बसते. मी एवढं बोलते तिच्याशी, नुसती बघते. माझी एकुलती नात, आणि मुकी!"

मी फोन हातानं झाकला. "बसप्पा, अरे ती तर किती बोलायची. मी ऐकलंय."

"बोलती की मालक. लई बोलती."

"मग आजीशी कन्नड का बोलत नाही?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच लहान पोर आहे. "कुठलं कन्नड? सुकांतीला कन्नड येत न्हाय, मला तिचं ओडिया येत न्हाय. हिंदी तवा दोगांना बी येत न्हवती. लगीन झाल्यापासनं आमी दोगं कामावरचंच बोलतो. घरात बी तेच. टिकी त्यातच झाली. तिला दुसरं कायच येत न्हाय मालक. तुमी पाटी लावली. बाकीचे हिंदी बोलतील, मी बी बोलतो. तिनं काय बोलायचं? सुकांती दिवसभर तिचं तोंड धरून बसायची. रडाया लागली की तोंड उशीत. म्हनून अव्वाकडं सोडली. म्हनलं तितं तरी कुनी दाबनार न्हाय."

मोबाइलवर ते रेकॉर्डिंग होतं, ते लावलं. "हे काय रे बोलत होतात त्या दिवशी?"

त्यानं ऐकलं. "तुमी भट्टीजवळ झोपला होता न्हवं? त्यो म्हनत हुता, अज्जा भट्टीपाशी नको, उठवू या. मी म्हनलं, तूच उठव, मालक रागावतील. तितं लई गरम हाय."

"अज्जा म्हणजे मी?"

"टिकीनं ठेवलंय नाव. मग सगळेच म्हनाय लागले." तो खाली बघत म्हणाला, "मालकाला अज्जा म्हनू नये, चुकलं."

म्हातारी फोनवर अजून बोलतच होती. मी तिला सांगितलं, पोरगी मुकी नाही आज्जी, उद्या येतो. मग बाहेर जाऊन दोन्ही पाट्या स्वतः उपटल्या. भिंतीवरचीचा खिळा निघेना, तो कृष्णातनं काढला. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विद्याश्रीला फोन केला. "त्यांना दुसरी नसते, असं तू म्हणाली होतीस," एवढंच म्हणालो. तिला काही कळायच्या आत फोन ठेवला.

१ डिसेंबर

पहाटेच निघालो. सुट्टीच होती, गाडी कृष्णातनं चालवली. पुढं बसप्पा, मागं मी आणि सुकांती. रत्नव्वानं भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, पण अथणी आली तरी सुकांतीनं घास घेतला नाही. वाटेत मी तिला हिंदीत विचारलं, टिकीला 'घरी चल, खूप बोल' असं कसं म्हणायचं? तिनं सांगितलं, 'कथा' म्हणजे त्यांच्यात बोलणं, आणि माझ्याकडून तीन-चारदा म्हणवून घेतलं. यार्डात मी भल्याभल्यांना बोलून गार केलंय. चार शब्दांना घाम फुटला.

गाव इंडीच्या अलीकडे. लिंबाखाली घर, दारात म्हातारी, आणि कट्ट्यावर टिकी. आईला बघितल्यावर उडी मारून धावली, सुकांतीच्या कमरेला मिठी मारली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मागे मी दिसलो.

तिनं आपल्याच हातानं आपलं तोंड दाबून धरलं.

इतकुसा हात, वाळूनं भरलेला, आणि वरचे डोळे माझ्यावर. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. मी धोतर सावरून मातीत बसलो आणि पाठ केलेलं म्हटलं, "टिकी, घर चल. कथा बोल, लई बोल." हात निघाला नाही. पुन्हा म्हटलं. तिनं हात आणखी घट्ट धरला. म्हातारी म्हणाली, बघा, मी म्हणत होते ना, मुकी आहे. सुकांती मान फिरवून रडायला लागली, आणि खोटं कशाला लिहू, मीही रडलो.

परत येताना टिकी आमच्या मध्ये बसली. विजापूर गेलं, अथणी आली, हात तोंडावर तसाच. मी खिडकीकडे बघितलं की ती माझ्याकडे बघायची, मी वळलो की खाली. बसप्पा पुढून तिला दोनदा काहीतरी म्हणाला, ती बोलली नाही. शेवटी मला माझी एकच विद्या आठवली. मान मागे टाकली, डोळे मिटले आणि घोरायला लागलो.

बराच वेळ काही नाही. मग हळूच, आईच्या कानात, एक शब्द. मग दोन. कृष्णातनं पुढून तिच्याच बोलीत काहीतरी विचारलं आणि ती खुदकन हसली. आणि मग नळ सुटला. किती बोलली! म्हातारीचं, शेरडाचं, लिंबाचं काहीतरी असावं, एवढ्या दिवसांचं साठलेलं. मला एक शब्द तेवढा कळत होता. मधूनमधून अज्जा यायचा, आणि तो आला की ती आवाज बारीक करायची, अज्जाची झोप मोडू नये म्हणून.

मान अवघडली होती, घसा कोरडा पडला होता. मिरज येईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.